दुभाषी पोहोचत नाही तेथे

जून २०२४ मध्ये अठराव्या लोकसभेच्या सदस्यांचा शपथविधी चालू असताना अहमदनगरचे नवनिर्वाचित खासदार नीलेश लंके यांनी इंग्रजीत शपथ घेतली आणि शेवटी 'राम कृष्ण हरी' म्हणून ते खाली उतरले. निवडणुकीच्या प्रचारात त्यांच्या इंग्रजीवरून विरोधी उमेदवार सुजय विखे पाटील यांनी त्यांना डिवचले होते. त्या टोमण्याची परतफेड लोकसभेत झाली, टाळ्या पडल्या आणि मराठी वृत्तपत्रांना मथळा मिळाला.

त्याआधी सहा महिने, १९ डिसेंबर २०२३ रोजी, नवी दिल्लीच्या अशोका हॉटेलात 'इंडिया' आघाडीची बैठक भरली होती. बिहारचे तत्कालीन मुख्यमंत्री नितीशकुमार हिंदीत बोलत होते. द्रविड मुन्नेत्र कळघमचे टी. आर. बाळू यांना त्यातले काही कळेना, म्हणून त्यांनी राष्ट्रीय जनता दलाचे खासदार मनोज झा यांच्याकडे भाषांतराची मागणी केली. त्यावर नितीशकुमार संतापले आणि हिंदी ही राष्ट्रभाषा आहे, ती यायलाच हवी, असे त्यांनी सुनावले, अशा बातम्या दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाल्या. राज्यघटनेत 'राष्ट्रभाषा' नावाची तरतूद नाही, ही गोष्ट अलाहिदा. भाजपच्या विरोधात एकत्र येऊ पाहणाऱ्या पक्षांच्या पहिल्या फळीतील नेत्यांना एकमेकांचे बोलणे कळत नव्हते, हे त्या दिवशी उघड झाले.

या दोन प्रसंगांत एक साम्य आहे. एका ठिकाणी इंग्रजी न येणे हा उपहासाचा विषय झाला, तर दुसऱ्या ठिकाणी हिंदी न येणे हा निष्ठेचा. ती भाषा त्या लोकप्रतिनिधीला कोणी आणि केव्हा शिकवायची होती, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा कोणी विचारला नाही. आपल्या राज्यव्यवस्थेने तो गंभीरपणे विचारात घेतल्याचे दिसत नाही. लाखो मतदारांनी निवडून दिलेला माणूस दिल्लीत उतरतो, तेव्हा त्याला निवासस्थान, रेल्वेचा पास, दूरध्वनी आणि कार्यालयीन भत्ता मिळतो. ज्या भाषेत त्याला पाच वर्षे काम करावयाचे आहे, ती मात्र त्याची त्याने शिकावयाची असते.

सभागृहातील सोय

संसदेने भाषेचा प्रश्न अगदीच सोडून दिला आहे, असे म्हणता येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्या सदस्याला या दोहोंपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची अनुमती देऊ शकतात. घटनेच्या मूळ योजनेप्रमाणे पंधरा वर्षांनंतर इंग्रजी जावयाची होती. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने ती कायम ठेवली.

हिंदी आणि इंग्रजी यांच्यातील तत्क्षणी भाषांतराची व्यवस्था लोकसभेत ७ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झाली. त्यानंतर एकेका प्रादेशिक भाषेची भर पडत गेली. जुलै २०१८ मध्ये तत्कालीन सभापती वेंकय्या नायडू यांनी डोगरी, काश्मिरी, कोकणी, संथाळी आणि सिंधी या भाषांसाठी दुभाषी उपलब्ध करून दिले आणि आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांमध्ये बोलण्याची सोय राज्यसभेत झाली. लोकसभेत फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी सहा भाषांची घोषणा झाली. त्यांत संस्कृतचा समावेश असल्याने द्रमुकचे दयानिधी मारन यांनी आक्षेप घेतला आणि सभागृहात खडाजंगी उडाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मिरी, कोकणी आणि संथाळी यांची भर पडली. २०२५ मध्येच 'संसद भाषिणी' या नावाने यंत्राधारित भाषांतराचा प्रकल्पही हाती घेण्यात आला.

ही प्रगती लहान नाही. काचेमागे बसून अर्थसंकल्पावरील भाषणापासून गदारोळातील आरोपांपर्यंत सर्व काही त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत पोहोचविणारे दुभाषी हे संसदेच्या कामकाजातील न दिसणारे आधारस्तंभ आहेत. परंतु त्यांच्या कामाला मर्यादा आहेत. प्रादेशिक भाषेत बोलण्यासाठी आगाऊ सूचना द्यावी लागते. तयार भाषणाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. प्रश्नोत्तराच्या तासात मात्र मंत्र्याने उत्तर देताच त्यातील त्रुटी पकडून उपप्रश्न विचारावयाचा असतो. तेथे अवधी मिळतो तो काही सेकंदांचा, आणि आधी कळवून कोणी हजरजबाबी होऊ शकत नाही.

मंत्री झाल्यास अडचण आणखी वाढते. सदस्याला असलेली मातृभाषेची सवलत मंत्र्याला उत्तरे देताना मिळत नाही, त्याने हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देणे अपेक्षित असते. २००९ मध्ये रसायने व खते मंत्री झालेले एम. के. अळगिरी यांच्या बाबतीत हा पेच उघड्यावर आला. तमिळमध्ये उत्तरे देण्याची त्यांची इच्छा नियमांत बसली नाही आणि त्यांच्या अनुपस्थितीची चर्चा दीर्घकाळ होत राहिली. त्यांच्या क्षमतेविषयी कोणाचे काहीही मत असो, शपथ दिल्यानंतर मंत्र्याला कामाची भाषा शिकविण्याची व्यवस्था सरकारकडे नव्हती, ही वस्तुस्थिती उरतेच.

दालनातले राजकारण

संसदेचे खरे काम सभागृहात जेवढे होते, तेवढेच किंवा त्याहून अधिक ते सभागृहाबाहेर होते. विभागनिहाय स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये पूर्णत्वाने सुरू झाली. आज अशा चोवीस समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, मंत्रालयांचे सचिव साक्षीला येतात, जाडजूड टिपणे आदल्या दिवशी हाती पडतात. तेथे कॅमेरा नसल्याने पक्षाभिनिवेश काहीसा मागे पडतो आणि अभ्यासू सदस्याचा ठसा उमटतो. पण टिपण वाचता आले आणि सचिवाला आडवा प्रश्न विचारता आला, तरच तो उमटणार.

समितीच्या बैठकीनंतर चहाच्या टेबलावर अहवालातील एखादा शब्द सौम्य करण्याची तडजोड होते. दोन वेगळ्या राज्यांचे खासदार कांद्याच्या किंवा नारळाच्या प्रश्नावर एकत्र येण्याचे ठरवितात. जुन्या संसद भवनात ही बोलणी सेंट्रल हॉलमध्ये होत. २०२३ मध्ये कामकाज नव्या इमारतीत गेल्यापासून तसे दालन राहिले नाही, याची हळहळ अनेक सदस्य बोलून दाखवितात. दालन कोणतेही असो, तेथे दुभाषी नसतो. कानात यंत्र घालून भाषण ऐकता येते. विश्वास संपादन करता येत नाही.

तिसरे क्षेत्र पत्रव्यवहाराचे. मतदाराच्या दृष्टीने खासदाराचे सर्वांत उपयोगी काम बहुधा हेच असते. मदुराईचे खासदार सु. वेंकटेशन यांनी २०२० मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या भरती परीक्षेसाठी तमिळनाडू आणि पुदुच्चेरीत केंद्र असावे, अशी मागणी इंग्रजी पत्राने केली. गृह मंत्रालयाकडून उत्तर आले ते हिंदीत. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेले आणि निवेदन इंग्रजीत असेल तर उत्तरही इंग्रजीत द्यावे, असे न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले. तरीही २०२४ मध्ये राज्यमंत्री रवनीतसिंग बिट्टू यांच्याकडून हिंदीत आलेल्या पत्राला केरळचे जॉन ब्रिटास यांनी मल्याळममध्ये उत्तर पाठविले, तर द्रमुकचे एम. एम. अब्दुल्ला यांनी तमिळमध्ये.

ही लढाई तत्त्वाची होती आणि तिच्यात खासदारांची बाजू कायद्याला धरून होती. पण तिच्यामागचा प्रशासकीय तपशील नजरेआड होऊ नये. अशी पत्रे मंत्री स्वतः लिहीत नाहीत आणि खासदारही प्रत्येक पत्र स्वतः उघडत नाहीत. मंत्र्याच्या कार्यालयातील साहाय्यक आणि खासदाराचा स्वीय सहायक यांच्यामध्ये तो कागद फिरत असतो. एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या भाषेची जाण असती, तर परीक्षा केंद्राच्या साध्या मागणीला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. खासदाराच्या सचिवीय साहाय्यासाठी भत्ता मिळतो आणि नेमलेल्यांपैकी एकाला संगणक हाताळता आला पाहिजे, अशी नियमात अट आहे. दुसऱ्या भाषेविषयी नियम काही बोलत नाही.

कारकुनाला वर्ग, खासदाराला नाही

भारतीय राज्यसंस्थेला प्रौढ माणसांना दुसरी भाषा शिकविण्याचा अनुभव नाही, असे मात्र नाही. राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना हे सांगण्याची गरज नसावी. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत हिंदी शिक्षण योजना १९५५ पासून चालू आहे. १९६० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांना हिंदीचे प्रशिक्षण अनिवार्य झाले. १ जानेवारी १९६१ रोजी ज्यांचे वय पंचेचाळिसाहून अधिक होते, त्यांना त्यातून वगळण्यात आले. प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ अशा तीन पायऱ्या ठरल्या. कर्मचाऱ्याची मातृभाषा पाहून त्याने कोठून आरंभ करावयाचा ते ठरते. तमिळ किंवा मल्याळम भाषक प्रबोधपासून सुरुवात करतो, मराठी, गुजराती किंवा बंगाली भाषक थेट प्रवीणच्या वर्गात बसतो, तर पंजाबी किंवा उर्दू भाषकाला प्राज्ञ पुरते. वर्ग कार्यालयीन वेळेत भरतात, उत्तीर्ण झाल्यावर रोख पारितोषिक आणि वर्षभर वेतनवाढीएवढे वैयक्तिक वेतन मिळते.

भारतीय प्रशासन सेवेचे उदाहरण याहून बोलके आहे. मसुरीच्या अकादमीत परिविक्षाधीन अधिकाऱ्याला जे राज्य मिळाले, त्या राज्याची भाषा शिकावी लागते. मूळचा तमिळनाडूचा किंवा बिहारचा तरुण महाराष्ट्रात प्रांताधिकारी म्हणून येतो आणि काही महिन्यांत सातबाऱ्याच्या फेरफाराची सुनावणी मराठीत घेऊ लागतो. त्याला कोणी परका म्हणत नाही. ती भाषा त्याच्या कामाचे साधन आहे, हे सर्वांनी मान्य केलेले असते.

लोकप्रतिनिधींसाठी यातले काय आहे? १९७६ मध्ये स्थापन झालेला आणि आता 'प्राइड' या नावाने ओळखला जाणारा लोकसभा सचिवालयाचा प्रशिक्षण विभाग नव्या सदस्यांना कार्यपद्धती आणि नियम समजावून सांगतो. अलीकडच्या वर्षांत त्याने सदस्य आणि अधिकाऱ्यांसाठी भाषावर्गही योजले. २०२१ मध्ये परदेशी भाषांच्या ऑनलाइन वर्गांचा आरंभ झाला. उपक्रम स्वागतार्ह असला, तरी खासदाराच्या गरजेनुसार आखलेली, त्याच्या कार्यकाळाशी जोडलेली आणि त्याच्या कर्मचाऱ्यांनाही हक्काने लागू असलेली व्यवस्था यातून उभी राहिलेली नाही.

यातील विसंगती तर गमतीची आहे. १९७६ मध्ये नेमलेली संसदीय राजभाषा समिती तीस खासदारांची आहे. ही समिती देशभरातील केंद्रीय कार्यालयांची पाहणी करते, किती पत्रे हिंदीत गेली आणि किती कर्मचारी प्रशिक्षित झाले याचा हिशेब घेते. समितीची प्रश्नावली भरताना कार्यालयप्रमुखांची होणारी धावपळ अनेक वाचकांनी अनुभवली असेल. कारकुनाने कोणती भाषा शिकली हे तपासण्यासाठी खासदारांची समिती आहे. खासदाराला शिकण्यासाठी काय मिळाले, हे विचारणारी समिती नाही.

बंद पडलेली शाळा

एकेकाळी ही उणीव जाणवत नसे, कारण भाषा शिकविणारी दुसरी शाळा चालू होती. ती राष्ट्रीय चळवळीची. मद्रासची दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा १९१८ मध्ये आणि वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये स्थापन झाली. पुण्यातही पाठोपाठ राष्ट्रभाषेच्या प्रचाराचे काम उभे राहिले. तुरुंगात वेगवेगळ्या प्रांतांचे लोक एकत्र राहत आणि एकमेकांच्या भाषा शिकत. पक्षाच्या कामासाठी कार्यकर्ता परप्रांतात वर्षानुवर्षे मुक्काम करी.

पुण्याचे मधु लिमये १९६४ मध्ये बिहारच्या मुंगेरमधून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले आणि पुढेही मुंगेर आणि बांका येथील मतदारांनी त्यांना निवडून दिले. सरकारला धारेवर धरणारी त्यांची संसदीय कामगिरी ज्या भाषेत झाली, ती त्यांची मातृभाषा नव्हती. उलट दिशेचे उदाहरण पी. व्ही. नरसिंह राव यांचे. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेणारे राव १९८४ आणि १९८९ मध्ये विदर्भातील रामटेकमधून लोकसभेवर गेले.

ही शाळा सर्वांना पुरली नाही, हेही खरे. काँग्रेसचे अध्यक्ष के. कामराज यांनी दोन पंतप्रधानांच्या निवडीत निर्णायक भूमिका बजावली. स्वतः त्या पदाकडे न वळण्याचे एक कारण हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांवर प्रभुत्व नसणे हे होते, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. १९९६ मध्ये पंतप्रधान झालेल्या एच. डी. देवेगौडा यांनी लाल किल्ल्यावरून हिंदीत भाषण केले, ते कन्नड लिपीत लिहून घेऊन. वयाच्या साठीनंतर, देशाचा कारभार सांभाळत असताना त्यांना ती खटपट करावी लागली.

आता चळवळीची शाळा बंद पडली आहे. पंचायत समिती, जिल्हा परिषद, साखर कारखाना, विधानसभा अशा पायऱ्या चढत माणूस दिल्लीत येतो. या प्रवासात त्याला परक्या भाषेची गरज क्वचितच पडते. लोकशाही खोलवर रुजल्याचे हे लक्षण आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र चळवळ जे काम फुकट करीत असे, ते आता संस्थेने करावयास हवे.

मराठी सदस्याची फसगत

मराठी खासदारांना हा प्रश्न आपला वाटत नाही. लिपी एक, चित्रपट पाहून कान तयार झालेला, मुंबईत हिंदी रोजच्या वापरातली. तेव्हा आपल्याला हिंदी येतेच, असा समज असतो. राजभाषा नियमांनीही महाराष्ट्राला 'ख' क्षेत्रात घालून त्याला दुजोरा दिला आहे. फसगत होते ती येथेच.

मराठीतला 'राजीनामा' म्हणजे पदत्याग. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ समझोता, आणि पदत्यागासाठी 'इस्तीफा' किंवा 'त्यागपत्र' म्हणावे लागते. मराठी सदस्य 'हरकतीचा मुद्दा' उपस्थित करतो. हिंदीत 'हरकत' म्हणजे खोडी किंवा हालचाल, आणि त्या मुद्द्याला 'व्यवस्था का प्रश्न' म्हणतात. हिंदी भाषक 'आपत्ति' नोंदवितो तेव्हा तो आक्षेप घेत असतो, संकट कोसळल्याचे सांगत नसतो. 'शिक्षा' शब्दाने तिकडे शिक्षण होते आणि इकडे दंड. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न आहे, इकडे थट्टा. विधिमंडळात मुरलेला सदस्य 'लक्षवेधी'च्या सवयीने दिल्लीत येतो. येथे त्याला 'ध्यानाकर्षण' शोधावे लागते. 'पुरवणी मागण्या' येथे 'अनुपूरक मांगें' होतात आणि 'कपात सूचना' 'कटौती प्रस्ताव'. बाजारात चालणारी हिंदी आणि सभागृहात चालणारी हिंदी यांत एवढे अंतर आहे.

इंग्रजीचे अंतर याहून मोठे. अनुच्छेद ३४८ प्रमाणे संसदेत मांडल्या जाणाऱ्या विधेयकांचा अधिकृत पाठ इंग्रजी असतो. एखाद्या कलमातील 'शाल' आणि 'मे' या दोन शब्दांमधील फरकाने सरकारवरचे बंधन सरकारच्या मर्जीवर येऊन ठेपते. जमीन, सहकार किंवा पीकविम्याचा आयुष्यभराचा अनुभव असलेला ग्रामीण खासदार अशा कलमावर सर्वांत मार्मिक दुरुस्ती सुचवू शकतो. इंग्रजी पाठ वाचता न आल्याने तो गप्प राहतो, आणि दुरुस्ती सुचवितो तो मुंबई-दिल्लीचा वकील खासदार. नुकसान त्या खासदाराचे नाही, त्याच्या मतदारसंघाचे होते. लंके यांच्या इंग्रजी शपथेचे कौतुक करताना हा भाग विसरता कामा नये. शपथ काही ओळींची असते, विधेयक शंभर पानांचे.

कॅनडाने काय केले?

कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहात तत्क्षणी भाषांतर १९५९ मध्ये सुरू झाले आणि १९६९ मध्ये इंग्रजी व फ्रेंच यांना समान दर्जा देणारा कायदा झाला. पण भाषांतराची सोय झाली म्हणून तेथे शिकण्याची गरज संपली, असे मानले गेले नाही. सभागृहाच्या खर्चाने खासदारांना दुसऱ्या भाषेचे शिक्षण मिळते आणि त्यांच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही त्याचा लाभ घेता येतो. परिणाम राजकारणात दिसतो. २००६ ते २०१५ या काळात पंतप्रधान असलेले स्टीफन हार्पर हे इंग्रजीभाषक अल्बर्टातून निवडून येत. प्रौढ वयात फ्रेंच पक्की करून ते आपल्या निवेदनांची सुरुवात फ्रेंचमधून करीत. २०११ मध्ये फ्रेंच न येणाऱ्या व्यक्तीची महालेखापरीक्षक म्हणून नियुक्ती झाल्यावर वादळ उठले आणि २०१३ मध्ये संसदेच्या प्रमुख अधिकाऱ्यांना नियुक्तीच्या वेळीच दोन्ही भाषा येणे सक्तीचे करणारा कायदा झाला. २०२५ च्या निवडणुकीत मार्क कार्नी यांच्या फ्रेंचचीही कसून चर्चा झाली.

कॅनडाची प्रतिकृती येथे उतरविता येणार नाही. तेथे दोन भाषा आहेत, येथे अनुसूचीतच बावीस. मात्र एक बाब घेण्यासारखी आहे. तेथे अल्पसंख्य भाषकांनी बहुसंख्यांची भाषा शिकली, एवढ्यावर विषय संपला नाही. सत्तेची आकांक्षा बाळगणाऱ्या बहुसंख्य इंग्रजीभाषकाला फ्रेंचच्या वर्गात बसावे लागले.

भारतात हे तत्त्व कागदावर आहे. संसदेने डिसेंबर १९६७ मध्ये संमत केलेल्या आणि जानेवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजभाषा ठरावात हिंदी भाषक प्रदेशांनी हिंदी-इंग्रजीव्यतिरिक्त एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतील, शिकावी असे म्हटले होते. उत्तरेत ते प्रत्यक्षात आले नाही. त्यामुळे भाषाशिक्षणाचा विषय काढला की इतरांना सक्तीचा वास येतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी लागू करण्याचा निर्णय झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तो याच अविश्वासामुळे.

उजवीकडून आणि डावीकडून

खासदारांच्या भाषाप्रशिक्षणाला म्हणूनच दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की मतदारांनी प्रतिनिधीला त्यांच्या भाषेत बोलण्यासाठी पाठविले आहे आणि प्रशिक्षण हा हिंदी लादण्याचा मागील दाराचा मार्ग ठरेल. ही भीती अनाठायी नाही. १० डिसेंबर १९४६ रोजी, संविधान सभेच्या दुसऱ्याच दिवशी, झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर यांनी हिंदुस्तानी न येणाऱ्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही, अशा आशयाचे उद्गार काढले होते. नावातच मराठी मूळ सांगणाऱ्या सदस्याने ते काढावेत, हा इतिहासाचा विनोद. या भीतीवर उपाय एकच आहे. मातृभाषेत बोलण्याचा हक्क अबाधित ठेवावा, आणि कोणती भाषा शिकावयाची ते सदस्याने ठरवावे. तमिळ खासदाराने हिंदीऐवजी इंग्रजी निवडली तर ती त्याची निवड. गोरखपूरच्या खासदाराने तेलुगू निवडली तर तिचा शिक्षक त्याला तितक्याच तत्परतेने मिळावा.

दुसरा आक्षेप असा की खासदारांना वेळ कोठे आहे? अधिवेशनात सभागृह, एरवी मतदारसंघातील लग्नकार्ये आणि उद्घाटने. याचे उत्तर व्यवस्थेच्या आखणीत आहे. निवडून आल्यानंतरचे पहिले सहा महिने, दोन अधिवेशनांमधील काळ, मतदारसंघात घरी येणारा किंवा ऑनलाइन शिकविणारा शिक्षक, आणि पाठ्यक्रमात बाजारहाटाच्या संवादांऐवजी स्थगन प्रस्ताव, दुरुस्ती, समितीतील साक्ष, मंत्र्याला पत्र. परीक्षा नको, प्रमाणपत्रही नको. खासदाराच्या गुणांची यादी वृत्तपत्रांत येण्याच्या भीतीनेच कोणी वर्गाला फिरकणार नाही. स्वीय सहायकांसाठी मात्र वर्ग नियमित आणि सवेतन असावेत, कारण पाच वर्षांनी खासदार बदलला तरी असे प्रशिक्षित साहाय्यक दुसऱ्या खासदाराच्या उपयोगी पडतात.

खर्चाचा मुद्दा गौण आहे. शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि परीक्षापद्धती घेऊन हिंदी शिक्षण योजना साठ-सत्तर वर्षे उभी आहे. अन्य भारतीय भाषांसाठी म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून काम करीत आहे. दोहोंचा धागा संसदेपर्यंत आणणे एवढेच बाकी आहे. यंत्राधारित भाषांतर वर्गाला पूरक ठरेल आणि कागदपत्रांचा भार हलका करील. पण समितीत शेजारी बसलेल्या सदस्याला आपल्या बाजूला वळविण्याचे काम यंत्र करू शकणार नाही.

लोकसभेत महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस जागा आहेत, उत्तर प्रदेशच्या खालोखाल सर्वांत जास्त. कांद्याची निर्यातबंदी असो, उसाचा रास्त भाव असो की रेल्वेचा रखडलेला मार्ग, अन्य राज्यांच्या खासदारांना बरोबर घेतल्याखेरीज हे प्रश्न सुटत नाहीत. कन्नड खासदाराशी उसावर आणि गुजराती खासदाराशी कांद्यावर दोन वाक्ये त्याच्या भाषेत बोलू शकणारा मराठी सदस्य तेथे किती अंतर कापू शकेल, याचा हिशेब मांडण्यास हरकत नाही. पुढील लोकसभेचा शपथविधी नियोजित वेळापत्रकानुसार २०२९ मध्ये होईल. नवे सदस्य आपापल्या मातृभाषेत शपथ घेतील आणि सचिवालयाचा कर्मचारी त्यांच्या हाती निवासस्थान, ओळखपत्र आणि भत्त्यांचे अर्ज ठेवील. त्या गठ्ठ्यात आणखी एक पान असावयास हरकत नाही: आपणांस कोणती भाषा शिकावयाची आहे?